थर्मासमधला आवाज

तेलंगणातल्या आमच्या करंजवाडीत एक बातमी दोन उन्हाळे फिरत होती. ती पहिल्यांदा कोणी सोडली असं विचारलं की सगळे सखूबाईकडे बोट दाखवायचे, आणि सखूबाई माझ्याकडे. बातमी अशी, की आशाबाईनं आपल्या नवऱ्याचा, उद्धवरावाचा, आवाज थर्मासमध्ये भरला, वरून झाकण घट्ट पिळलं आणि सकाळच्या बसनं आदिलाबादला नेऊन विकला. कोणाला विकला, यावर मात्र गावात एकमत नव्हतं. कोणी म्हणे भानामतीवाल्या बाईला, कोणी म्हणे डॉक्टरला. फाट्यावरच्या चहावाल्याचं म्हणणं, सिनेमावाल्यांना. तिकडं हिरो एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा असं चालतंच. मला हे शेवटचं मत पसंत होतं. खरं-खोटं देव जाणे, पण चहाबरोबर तेच चांगलं लागायचं.

आता तो आवाज कसला होता ते सांगितल्याशिवाय चोरी किती मोठी होती हे कळायचं नाही.

उद्धवराव म्हणजे लग्नातला माईकवाला. शेत आहे, कापूस-ज्वारी होते, पण त्यासाठी त्याला कोण ओळखतो? गुडीहत्नूरपासून इंद्रवेल्लीपर्यंत मराठी माणसाच्या घरी लग्न निघालं, की भटजीच्या आधी उद्धवरावाची तारीख विचारायचे. टॉवेल-टोपीचा मान आणि पोटभर जेवण, एवढ्यावर गडी दिवसभर माईक सोडायचा नाही. "नवरीचे मामा! आइसक्रीमच्या डब्यापासून दूर व्हा अन् मंडपात या! भाची एकच हाय, आइसक्रीम उद्याबी भेटन!" असं म्हटलं की मामा धावत यायचा, चमचा तोंडात तसाच. वरपक्ष रुसून कूलरपुढं बसला, तर हा विचारायचा, "काऊन बाप्पा, नवरदेवाचं लग्न आता कूलरशीच लावून द्याचं काय?" रुसलेला व्याही हसून उठायचा. मंगलाष्टकं तर तो उभ्या-उभ्या रचायचा. त्यात नवरीच्या आत्याच्या गुडघेदुखीपासून नवरदेवाच्या तीनदा हुकलेल्या पोलीस भरतीपर्यंत सगळं यायचं.

हा झाला उन्हाळ्यातला उद्धवराव. चैत्र लागला की त्याची झोप उडायची आणि वैशाखात तो माणूस राहायचा नाही, जत्रा व्हायचा. दिवसाला तीन लग्नं. मधल्या वेळात शेजाऱ्याच्या रानात न विचारता विहीर खणायला घ्यायचा. एकदा एका नवरदेवाला स्वतःचा बैल आहेर देऊन आला. आशाबाई दुसऱ्या दिवशी तो सोडवून आणायला गेली, तर व्याहीमंडळी म्हणाली, दिलेला आहेर परत मागता, लाज नाही वाटत? गावानंही आशाबाईलाच नावं ठेवली. दिलदार नवऱ्याची कद्रू बायको, असं तिचं नाव पडलं.

मग पाऊस लागायचा, कापूस गुडघ्याला यायचा, आणि उद्धवराव खाटेवर भिंतीकडं तोंड करून निजायचा तो दिवाळीपर्यंत. अंघोळ नाही, दाढी नाही, ताटातली भाकर तशीच. ज्या दारात उन्हाळ्यात चपला ठेवायला जागा नसायची, त्या दारात आता कुत्रंही फिरकायचं नाही. आमचं गाव मोठं समजूतदार. "उन्हायाभर राबला गडी, आराम करून राह्यला," म्हणायचं आणि आपल्या फवारणीला जायचं. एका भाद्रपदात आशाबाईनं घरातलं फवारणीचं औषध उचलून शेजारी कुलपात ठेवायला दिलं आणि स्वतः विहिरीच्या वाटेवर सूप घेऊन निवडायला बसली. महिनाभर ती तिथंच काहीबाही निवडत होती. कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आम्ही विचारत होतो ते एवढंच, की तुळशीच्या लग्नापर्यंत उठेल ना?

उपाय केले नाहीत असं नाही. पहिला उपाय पैनगंगेपलीकडचा बुवा. त्याची एक गोष्ट मानली पाहिजे. तो मराठीत विचारायचा, बसायला सतरंजी द्यायचा आणि पूर्ण ऐकून घ्यायचा. ऐकून झाल्यावर नारळ फोडायचा, तिथं घोळ होता.

दुसरा उपाय सरकारचा. भाद्रपदात गुडीहत्नूरला मनाच्या आरोग्याचं शिबीर भरलं, तेही बाजाराच्या दिवशी, कारण बाजारात गर्दी असते आणि फोटोत गर्दी शोभते. वर एक कापडी फलक, त्यावर एक बाई सूर्याकडं बघून हसते आहे. खाली टेबल, आणि टेबलाच्या शेजारी मिरचीवाले. येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी. त्यातलं मनाचं कोणतं आणि मिरचीचं कोणतं, हे डॉक्टरलाही कळेना. बरं, डॉक्टर विचारणार तेलुगूत, कंपाउंडर ते हिंदीत सांगणार, आशाबाई ते मराठीत उद्धवरावाला विचारणार, आणि उद्धवराव गप्प. ते गप्प राहणं मात्र भाषांतर न करता पोचलं. डॉक्टरनं उदासीवरची गोळी लिहून दिली.

गोळी खोटी नव्हती. तिनं काम केलं, जरा जास्तच केलं. दिवाळीच्या आधी उद्धवराव छपरावर होता. खरोखर छपरावर, कवेलू म्हणजे कौलं काढत होता. खाली आशाबाई ओरडते आहे आणि वरून हा सांगतो आहे, "घराले आभाय दिसलं पायजे व! तुले काय समजते?" गाव खूश. तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नांनाही त्या वर्षी उद्धवराव मिळाला. सरकारी योजनेचा असा लाभ आमच्या गावाला आधी कधी झाला नव्हता.

पुढच्या वैशाखात दुसरं शिबीर, डॉक्टरही दुसरा. त्याला दिसला तो न झोपलेला, लाल डोळ्यांचा, डॉक्टरच्याच खुर्चीत बसून रुग्णांना नंबर देणारा उद्धवराव. त्यानं असं इंजेक्शन दिलं की दुसऱ्या दिवशीच्या लग्नात उद्धवराव नवरदेवासाठी मांडलेल्या खुर्चीवर घोरत पडला आणि नवरदेवाला अर्धा तास उभं राहावं लागलं. त्या डॉक्टरला गावानं ज्या शिव्या घातल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. मला पाठ आहेत.

म्हणजे बघा, भाद्रपदातल्या डॉक्टरनं भाद्रपदातला माणूस बरा करायला घेतला, वैशाखातल्यानं वैशाखातला. दोघंही हुशार. मधला माणूस कोणी पाहिलाच नाही, कारण मध्ये शिबीर नव्हतं.

तिसरा उपाय फोनचा. एक मोफत नंबर होता, मन मोकळं करण्यासाठी. उन्हाळ्यात उद्धवरावानं तो लावला, तासभर मन मोकळं केलं आणि पलीकडच्या पोरीचं लग्न व्हायचं आहे असं कळताच मुधोळचं एक स्थळ सुचवून मोकळा झाला. त्या पोरीनंच शेवटी हात टेकले असतील. पावसाळ्यात आशाबाईनं तोच नंबर लावून फोन त्याच्या कानाला धरला. पलीकडून विचारतायत, बोला, काय त्रास होतोय? हा भिंतीकडं बघतोय. बोलता येत नाही हाच ज्याचा त्रास, त्याला बोला म्हणणारा फोन! थोड्या वेळानं तो आपोआप कटला.

आशाबाईचं मागणं मोठं नव्हतं. एकदा नळावर बायकांनी तिला छेडलं, "आशे, तुले बरं हाय, उन्हायाचा येगया नवरा अन् पावसायाचा येगया." ती हंडा कमरेवर घेत म्हणाली, "मले बारा महिने एकच पायजे. कसाबी असो, पण एक." बायका हसल्या. ती हसली नाही.

मग आमच्या भागात एक डॉक्टरीणबाई ठरलेल्या वारी येऊ लागल्या. पोर वयानं लहान, तेलुगू बोलणारी, हिंदी कामापुरतं. आशाबाईनं श्रावणात उद्धवरावाला ऑटोत अक्षरशः घालून नेलं. बाईंनी सगळं विचारलं आणि शेवटी एक प्रश्न विचारला, जो तोवर कोणी विचारला नव्हता. "गर्मी में कैसे रहते हैं?"

आशाबाईला हिंदी कळतं, बोलताना तुटतं. कसं सांगणार? छपराचं सांगणार, बैलाचं सांगणार की मामाच्या आइसक्रीमचं? तिनं गुडीहत्नूरच्या संतोषला फोन लावला. हा संतोष लग्नाचे व्हिडिओ काढतो. उद्धवराव असलेल्या लग्नांचे सगळे व्हिडिओ त्याच्याकडं, कारण नवरा-नवरीपेक्षा माईकवालाच जास्त वेळ दिसतो. संतोषनं दोन तुकडे पाठवले. डॉक्टरीणबाई पहिल्या मिनिटाला हसल्या. मराठी कळत नसतानाही हसल्या, एवढी त्या गड्याची ताकद. पुढं त्यांचं हसू थांबलं. पडद्यावर माणूस बोलतोय, बोलतोय, लग्न लागलं तरी बोलतोय, जेवणं उठली तरी बोलतोय, मागं मंडपवाले खांब सोडतायत आणि हा रिकाम्या खुर्च्यांना व्याही म्हणून हाका मारतोय. बाईंनी फोन खाली ठेवला आणि स्टुलावर मान घालून बसलेल्या उद्धवरावाकडं पाहिलं.

"अम्मा, ये दो बीमारी नहीं है," त्या म्हणाल्या. "एक ही है."

आशाबाई तिथंच रडली. बाईंना वाटलं, घाबरली. घाबरली नव्हती. एक, हा शब्द तिला पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायला मिळाला होता.

नवी गोळी सुरू झाली. जुनी उदासीची बंद. बाईंनी बजावलं: गोळी रोज, बरं वाटलं तरी रोज. पाणी भरपूर. जेवणात मीठ नेहमीइतकं. उपास नाही. आणि ठरलेल्या वेळी रक्त तपासायचं. ती तपासणी आदिलाबादला, आणि उद्धवराव तर खाटेवरून उठेना. तेव्हा बाईंनीच उपकेंद्रातल्या रुपा सिस्टरशी बोलून असं जमवलं, की रुपानं सकाळी घरी येऊन रक्त काढायचं, बाटलीला चिठ्ठी लावायची आणि आशाबाईनं ती थंड ठेवून बसनं न्यायची. थंड कशात ठेवणार? घरात लेकीनं दिलेला थर्मास होता.

आता बसमध्ये बघा काय झालं. सखूबाई शेजारी येऊन बसली. सखूबाईला दुसऱ्याच्या पिशवीत काय आहे हे कळल्याशिवाय बस सुरू झाल्यासारखी वाटत नाही.

"आशे, चहा आनला काय व? दे घोटभर."

"चहा नाई काकू."

"मंग थर्मासात काय नेऊन राह्यली? दूध हाय?"

"नाई."

"नोको सांगू. मायासंगं चोरी करते." आणि सखूबाईनं हात लांबवून झाकण फिरवलंच. आत बर्फ, बर्फात पिशवी, पिशवीत बोटाएवढी बाटली, बाटलीत रक्त. सखूबाई पुढच्या थांब्याला उतरली. तिचं काम आदिलाबादला होतं, तरी उतरली. दुपारपर्यंत करंजवाडीच्या सातही गल्ल्यांना खबर पोचली होती. एवढ्या जलद गोळी पोचत नाही, शिबीर पोचत नाही, बस तर नाहीच नाही.

दिवाळीत उद्धवराव खाटेवरून उठला, पण छपरावर गेला नाही. अंघोळ करून कापूस वेचायला गेला. चैत्र आला, तरी झोपला. वैशाख आला, तरी झोपला. जेवला, बोलला, हसलाही, पण शेजाऱ्याची विहीर शेजाऱ्यालाच खणू दिली. गावात चिंता पसरली. लग्नांचे दिवस सुरू आणि माईकवाला ठणठणीत! थर्मासातल्या रक्ताचा गावात 'आवाज' झाला तो तेव्हा; पहिल्यांदा कोणी केला, ते सखूबाईला विचारा.

पहिलं मोठं लग्न सुधाकररावाच्या पोराचं. सुधाकरराव म्हणजे आमच्याकडचं वजनदार प्रस्थ, वजन काट्यावरही आणि गावातही. तो माणसं घेऊन उद्धवरावाच्या ओसरीवर आला. आम्हीही गेलो, कारण फुकटचा तमाशा सोडायचा नाही असा माझा नेम आहे.

"वहिनी," सुधाकररावानं गोड आवाज काढला, "आठ रोज गोया बंद ठेवा ना यायच्या. लग्न होऊ द्या. मंग चालू करा, आमी काय नाई म्हंतो?"

उद्धवराव खाटेवर बसला होता. त्याचे डोळे एकदम चमकले. ते आशाबाईनं पाहिलं, आणि मीही पाहिलं. माणसाला आपली जत्रा आठवतेच ना.

आशाबाई चहाचे कप ठेवता-ठेवता म्हणाली, "ठेवतो ना भाऊ बंद. पन मंग यायले तुमच्या घरी न्या."

"लग्नापुरतं काय? न्यू ना."

"लग्नापुरतं नाई. उन्हायाचे हे तुमाले पायजे, तं पावसायाचेबी तुमीच ठेवा. भिंतीजवय खाट टाका, फवारनीचं औषद कुलपात घाला, अन् तुमच्या बायकोले सांगा, विहिरीच्या रस्त्यावर बसून रोज ज्वारी निवडत जाय. उन्हाया तुमचा अन् पावसाया मायाच काऊन?"

सुधाकररावानं कढत चहा एका घोटात गिळला. खाटेवरून उद्धवराव हळूच म्हणाला, "मी गोया घेऊनच बोलीन. जमन तेवढं."

सुधाकररावानं बाहेर पडल्यावर दुसरी शक्कल काढली. माईकवर बसायचं म्हणजे घसा जपायचा, आणि घशाचा वैरी म्हणजे गार पाणी, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगतं. त्यानं उद्धवरावाला हळदीच्या दिवसापासून मंडपात बसवलं, तोंडात लवंग आणि खडीसाखर दिली आणि पोरांना ताकीद दिली, "यायले पानी देऊ नोका, आवाज बसन!" गोळीनं गेलेला आवाज लवंगेनं परत आणायचा बेत. आशाबाई थर्मासात मीठ घातलेलं ताक घेऊन दोनदा मंडपापर्यंत आली, दोनदा पोरांनी वाटेतच परत पाठवली. तिसऱ्यांदा आली तेव्हा बायकांत खुसपूस झाली, बाई थर्मास घेऊन आली, आता उरलेलाही आवाज नेणार.

लग्नाच्या दिवशी ऊन असं, की मंडपाचं कापड करपल्याचा वास यावा. उद्धवराव माईकवर उभा. "वधूच्या मामांनी मंडपात यावे. पाव्हण्यांनी बसून घ्यावे." एवढंच. मामा आला, पण चालत आला, चमचा नव्हता. लग्न मुहूर्तावर लागण्याचा धोका निर्माण झाला. लोक एकमेकांकडं बघू लागले, काहींनी तर जेवणाची लाईन धरली. सुधाकरराव मागून ढोसत होता, "अबे जरासा चढ ना! जरासा!"

मग उद्धवरावाच्या हातातला माईक थरथरायला लागला. आम्हाला वाटलं, चढला! टाळ्या पडल्या. तो काहीतरी बोलला, जीभ जड झालेली. आम्हाला वाटलं, नक्कल करतोय. लोक खदखदून हसले. दोन पावलं तिरपी टाकली, तर शिट्ट्या. संतोष कॅमेरा घेऊन जवळ गेला.

एकटी आशाबाई हसली नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला काय-काय बघायचं ते सांगून ठेवलं होतं. हात कापला, जीभ अडली, तोल गेला, तर थांबायचं नाही. ती थर्मास घेऊन बायकांमधून उठली. अंतरपाट धरलेला, भटजीचं 'शुभमंगल' तोंडात, आणि ही बाई सरळ मधून आली. तिनं नवऱ्याच्या हातातला माईक काढून सुधाकररावाच्या हातात दिला, म्हणाली, "घ्या, तुमीच चढा." उद्धवरावाला काखेत धरलं आणि बाहेर नेलं.

बाहेर वाहन एकच, नवरदेवाची गाडी. झेंडूच्या माळा, काचेवर पोराचं आणि सुनेचं नाव. आशाबाईनं नवऱ्याला मागच्या सीटवर टाकलं, शेजारी बसली, मांडीवर थर्मास, आणि ड्रायव्हरला म्हणाली, "आदिलाबाद." ड्रायव्हरनं सुधाकररावाकडं पाहिलं. ती म्हणाली, "त्यायच्याकडं काय पाह्यतं? मायाकडं पाय." गाडी निघाली. हायवेवर ट्रकवाल्यांनी त्या पिकल्या केसांच्या जोडप्याला हॉर्न वाजवून शुभेच्छा दिल्या म्हणतात. इकडं वरात पायी निघाली. नवरी नव्या चपलांत चालत होती, आणि सुधाकरराव माईकवर सांगत होता की सगळं व्यवस्थित आहे. त्याच्या बोलण्यालाही मजा आली नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी पक्की झाली होती. भर मंडपात, सगळ्यांच्या देखत, आशाबाईनं नवऱ्याचा आवाज थर्मासात भरला आणि फुलांच्या गाडीतून पळवला. व्हिडिओतही दिसतं की. थर्मास आहे, आवाज नाही.

उद्धवराव आता लग्नांत जेवायला येतो. माईक मुधोळकडचा एक पोरगा धरतो. मामांना नावानं बोलवतो, पण मामा येत नाहीत.

आता खरं काय ते सांगतो.

बसमधल्या थर्मासात उद्धवरावाचं रक्त होतं. गोळीचं प्रमाण रक्तात कमी असलं तर आजार परत येतो, जास्त झालं तर माणूस मरू शकतो, म्हणून ते तपासायचं असतं. लग्नाच्या दिवशी थर्मासात ताक होतं, जे त्याला कोणी पिऊ दिलं नव्हतं. उन्हात, पाण्याशिवाय, ते प्रमाण वाढलं होतं. दवाखान्यात त्याला सलाईन लावलं, पुढं गोळी कमी केली. तो जिवंत आहे.